पाटी कुणाची, पाठ कुणाची

दोस्तांनो, मी दिग्रसचा. यवतमाळ जिल्हा, कापसाचा मुलूख. मॅट्रिक झालो अन् मुंबईच्या गोदीत आलो. दिवसा बोजे उचलतो, रात्री कविता लिहितो.

लहानपणी आज्याला विचारलं होतं, "आबाजी, त्या गल्लीले शेटच्या घराण्याचं नाव काऊन?"

"त्याहिच्या बापजाद्यानं वाडा बांधला नं बाबू."

"मंग दगडं कोनं वाह्यले?"

"आपन."

"मंग आपलं नाव?"

आजा हसला. "आपल्या गल्लीले हाय नं. महारपुरा."

म्हणजे त्यांच्या गल्लीला घराणं, आमच्या गल्लीला जात! हा पाट्यांचा चातुर्वर्ण्य आहे.

मुंबईत तेच, मोठ्या अक्षरात. सर जमशेटजी जीजीभाईंच्या नावाचा रस्ता बघा. चीनला अफू अन् कापूस धाडून हा माणूस गबर झाला. १८४२ साली इंग्रजांनी 'सर' केलं. १८४५ साली त्यांच्या देणगीतून दवाखाना उभा राहिला. आमची माणसं तिथं बरी होतात, नाकारत नाही. पण त्या पेट्या जहाजावर चढवणाऱ्या एका तरी हमालाचं नाव सांगा! घराण्याचा इतिहास म्हणतात तो हाच. अर्धा पाटीवर, अर्धा गाळलेला.

गोदीला लागून दुसराही रस्ता आहे. त्याला आधी गव्हर्नर बार्टल फ्रियरचं नाव होतं. आज तो पी. डिमेलो मार्ग. डिमेलो म्हणजे गोदी कामगारांचे पुढारी. गव्हर्नर उतरला, हमालांचा माणूस चढला. ही जागा संघटनेनं कमावली.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं, महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा ही नावं जाणार. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर येणार. जातीची पाटी उतरलीच पाहिजे. पण 'नगर' झालं म्हणून तुंबलेली नाली वाहायला लागते काय? खोली भाड्यानं मागायला गेलो की गावाकडचा पत्ता विचारतात. 'समतानगर' म्हटलं की समोरचा बरोबर ओळखतो. पाटी पुसली, पण वास घेणारं नाक शाबूत आहे.

अन् नाव फुकट मिळत नाही, हे आम्हाला शिकवू नका. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला २७ जुलै १९७८ ला. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार करून. मधल्या काळात आमची घरं जळाली, माणसं मारली गेली.

म्हणून शहरातल्या मित्रांनो, सुटीत गावी जाल तेव्हा नुसत्या नव्या पाटीला हार घालून परतू नका. म्हाताऱ्यांपाशी बसा. विहीर कुणी खांदली? वाड्याचा दगड कुणी वाहिला? कापसाच्या गाठी कुणाच्या पाठीवरून गेल्या? अन् त्याच विहिरीचं पाणी कुणाला नाकारलं? सगळं नावानिशी लिहून घ्या.

शेटच्या घराण्याला इतिहास आहे, तसा आमच्याही घराला आहे. माझ्या आज्याला अक्षर शिकू दिलं नाही. मी मॅट्रिक आहे. मी लिहितो आहे.