शोधायला गेले हातोडी...

दोस्तांनो, मोठ्या देवळाच्या नाहीतर रेल्वे स्टेशनच्या दारात एक चौकट उभी असते, बघितलीये ना? तिच्यातून जाताना बाबांच्या खिशात किल्ल्या असल्या, की ती लगेच ‘कुंईऽऽ’ करून चुगली करते! तिचंच एक भावंडं म्हणजे हातात धरायचा मेटल डिटेक्टर, अर्थात धातुशोधक. तो घेऊन शेतांतून आणि समुद्रकिनाऱ्यांवरून हिंडायचा छंद ब्रिटनमध्ये हजारो लोकांना आहे. आजची गोष्ट याच छंदाची.

या यंत्राच्या लांब दांड्याला खाली ताटलीसारखी चकती असते. तिच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून सतत दिशा बदलणारी वीज खेळवली, की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे क्षेत्र जमिनीतल्या धातूपर्यंत पोचलं, की त्या धातूतही विजेचे बारीक भोवरे फिरू लागतात. चकतीला त्यांची चाहूल लागते आणि यंत्र वाजतं. लोहचुंबक सोन्याचांदीला ओढू शकत नाही, पण या यंत्राला मात्र तीही कळतात.

ऐकून हात शिवशिवले ना? पण नवशिक्याचा पहिला दिवस कसा जातो, ठाऊक आहे? यंत्र वाजतं. छाती धडधडते. गुडघ्यांवर बसून तो भराभर माती उकरतो, आणि हाती येतो गंजका खिळा! पुन्हा वाजतं, तर सोड्याच्या बाटलीचं झाकण. संध्याकाळी पाठ भरून आलेली असते आणि पिशवीत निव्वळ भंगार! म्हणून या छंदात यंत्रापेक्षा चिकाटी जास्त लागते. आणि आणखी एक गोष्ट लागते. ती कोणती, ते एरिक लॉज यांच्याकडून शिकावं.

इंग्लंडच्या सफक परगण्यात हॉक्सन नावाचं गाव आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याने आपले मित्र लॉज यांना हाक मारली. लॉज निवृत्त झालेले, आणि त्यांच्याकडे धातुशोधक होता. हातोडी शोधता शोधता यंत्र जोरात वाजलं. खणून बघतात तो काय! चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणीच नाणी!

आता सांगा, तुम्ही काय केलं असतंत? भराभर खणत सुटला असतात? लॉज यांनी खणणं थांबवलं आणि अधिकाऱ्यांना कळवलं. लगोलग पुरातत्त्वज्ञ आले आणि त्यांनी हलक्या हाताने माती बाजूला केली.

थांबल्यामुळे काय साधलं? सोन्याचांदीची १४,८०० हून जास्त नाणी तर मिळालीच. पण लाकडी पेटीच्या खुणाही सापडल्या, म्हणून खजिना पेटीत कसा रचून ठेवला होता हे कळलं. नाण्यांवरून समजलं, की तो इ. स. ४०७ नंतर, ब्रिटनमधली रोमन सत्ता संपण्याच्या सुमारास पुरला गेला. त्यात मिरपूड ठेवायच्या चांदीच्या डब्या होत्या. आणि रोमन लोकांची मिरी यायची कुठून? आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून!

लॉज यांना साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस मिळालं. ते त्यांनी शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतलं. आणि हातोडी? तीही सापडली. तीसुद्धा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

आपल्याकडेही असा एक ठेवा निघाला. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, प्रवरेकाठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली एका गावकऱ्याला खणताना ब्राँझच्या चार सुंदर वस्तू मिळाल्या : बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. त्या अभ्यासकांच्या उत्खननात सापडल्या नाहीत. त्यामुळे त्या नेमक्या कुठल्या काळातल्या, यावर तज्ज्ञांचं एकमत झालेलं नाही. यात शोधणाऱ्याचा काहीच दोष नाही. पण मातीचे थर हलले, की त्यांतली माहिती कायमची पुसली जाते. वस्तू पुन्हा धुऊनपुसून ठेवता येते, तिची जागा पुन्हा तयार करता येत नाही.

आणि हो, आपल्या देशात १८७८ सालापासून कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला, तर कलेक्टरांना लेखी कळवावंच लागतं. संरक्षित किल्ल्यांवर किंवा लेण्यांपाशी परवानगीशिवाय खणायचं नाही, हेही पक्कं लक्षात ठेवा.

तर या सुट्टीत धातुशोधक नसला तरी एक ‘शोधवही’ करा. अंगणात, शेतात किंवा नदीकाठी जुनं नाणं नाहीतर नक्षीचं खापर दिसलं, तर आधी हात लावू नका. जागा, तारीख आणि आजूबाजूला काय आहे ते वहीत लिहा, चित्र काढा आणि मग मोठ्यांना बोलवा. खजिना सापडणं नशिबाचं असेल, पण वेळेवर थांबणं आपल्याच हातात असतं!