सोसायला नको
कर्करोग हाडात उतरला की रात्र सरता सरत नाही, आणि घरचे हताश होऊन म्हणतात, 'आता सोसायलाच हवं.' नाही, सोसायला नको. इजा झालेल्या पेशींतून झिरपणारी रसायनं मज्जातंतूंची टोकं चेतवतात आणि तो संदेश मज्जारज्जूतून मेंदूत पोहोचला की दुखतं. मॉर्फिन याच वाटेवर, मज्जारज्जूत आणि मेंदूत, त्याचा जोर मोडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ सालीच पायऱ्या आखून दिल्या: आधी पॅरासिटामोलसारखी साधी औषधं, मग कोडीन, मग मॉर्फिन, तेही शक्यतो तोंडावाटे आणि ठरल्या वेळेला, दुखणं उसळायची वाट न बघता. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो, म्हणून मध्यरात्रीचीही सोय आधीच करायची. मॉर्फिननं होणाऱ्या बद्धकोष्ठतेचं औषध सोबत हवंच. नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्यानं अफू, म्हणजे मॉर्फिनचा कच्चा मालच, पिकवणाऱ्या आपल्याच देशात, १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळापायी कित्येक दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, हे मला फार लागतं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे २०१४ च्या दुरुस्तीनं नियम सोपे झाले. व्यसनाची धास्ती अजून गेलेली नाही. पण वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीत मोजून दिलेलं मॉर्फिन आणि नशा यांत मोठं अंतर आहे. घरात असा रुग्ण असेल तर वेदनाशमन विभाग कुठे आहे ते डॉक्टरांना आजच विचारा, अगदी उपचार चालू असतानाच.