कडू नाकालाही कळतं

पाडव्याच्या आठवड्यात नफूदच्या वाळवंटाकडून धूळ आली आणि सौदीतल्या हाइलमधल्या मराठी घरांतली निम्मी नाकं चोंदली. लगेच व्हॉट्सॲपवर निरोप फिरू लागला: ‘कडुलिंबाच्या रसाचे दोन थेंब नाकात, सायनस मुळापासून बरा. अमेरिकन संशोधनाने सिद्ध!’ ‘अमेरिकन संशोधनाने सिद्ध’ या शब्दांशी माझं जुनं वैर आहे, हे वाचक जाणतात. या वेळी पंचाईत अशी की संशोधन खरंच आहे. फक्त ते कडुलिंबाबद्दल नाही.

२०१२ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रॉबर्ट ली, नोअम कोहेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जिभेवर कडू ओळखणारा टी२आर३८ हा रिसेप्टर नाकाच्या अस्तरावरही काम करतो. स्यूडोमोनास जातीचे जंतू एकमेकांशी ज्या रसायनांतून बोलतात, ती त्याला ‘कडू’ लागतात. मग पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडते, जंतू मरतात आणि नाकातली सूक्ष्म लव जोरात हलून शेंबूड बाहेर ढकलते. आईबापांकडून या रिसेप्टरच्या जनुकाची मंद प्रत मिळाली असेल, तर नाकाला जंतूंची चाहूल नीट लागत नाही. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत जनुकाचा आणि सायनसचा हा संबंध तितका घट्ट निघाला नाही, पण विचार पक्का आहे: नाकाने कडू चाखायचं ते जंतूंचं.

कडुलिंबाने तोंड वाकडं होतं म्हणून आपलं नाक तल्लख, असंही समजू नये. माणसाकडे कडूचे साधारण २५ रिसेप्टर आहेत, हा त्यांतला एक. त्याची परीक्षा कडुलिंबाने नव्हे, पीटीसी नावाच्या रसायनाने होते. १९३१ मध्ये ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्सच्या हातून त्याची पूड उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्सला कसलीच चव लागली नाही.

खरी गंमत आहे ती ली-कोहेन मंडळींच्या २०१४ च्या कामात. इथल्या मजलिसीत बसलेल्याला ती चटकन कळेल. गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, बिनसाखरेचा, वेलदोड्याचा, कडसर. सोबत हाइलचा हिलवा खजूर. तोंडात खजूर घोळत असताना घेतलेला घोट कडू लागतच नाही. नाकातही हाच जोडा आहे. तिथल्या काही विरळ पेशींवर कडूचे आणि गोडाचे, दोन्ही रिसेप्टर असतात. कडू जाणवलं की या पेशी शेजारणींना जंतुनाशक प्रथिनं सोडायला लावतात. साखर जाणवली की तेच काम थांबतं. निरोगी नाकाच्या ओलाव्यातही थोडी साखर असते, रक्तातल्या साखरेच्या साधारण दशांश. जंतू माजले की तीच खातात, गोडाचा अडसर निघतो आणि प्रथिनं सुटतात, असं या संशोधकांना वाटतं. जुनाट सायनसच्या रुग्णांच्या नाकात मात्र ही साखर जास्त आढळली. म्हणजे खजूर सतत तोंडातच, मग कडू कळणार कसं? (घरातला खजुराचा डबा लपवू नका. ही साखर रक्तातून, सुजलेल्या अस्तरातून झिरपते.)

आता माझं नेहमीचं रडगाणं. नाक एवढं बारीक काम करत असताना आपण काय करतो? २०१८ पासून सौदीत चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणं बंद झालं, तर आपली मंडळी सुट्टीवरून परतताना लोणच्याच्या बरणीशेजारी गोळ्यांच्या पट्ट्या कोंबून आणतात. आणि घेतात कशावर? विषाणूंच्या सर्दीवर, जिथे त्या गोळ्या काडीच्या कामाच्या नाहीत. घरगुती रस आणि घरगुती अँटिबायोटिक यांचे भक्त एकच असावेत, असा माझा दाट संशय आहे. पुरावा नाही, पण निरोप पुढे ढकलणाऱ्यांची नावं पाहा.

तेव्हा नाकात कडुलिंब घालू नका. उकळून निववलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवा. चोंदणं, घट्ट स्राव, वास न येणं १२ आठवड्यांपुढे टिकलं, तर तो जुनाट सायनस समजतात. तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि बॅगेतल्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही त्यांना सांगा.