लाल्याचं पोट आणि बुरशीचा मका



आज लाल्यावर लिहितो. कपाशीवरचा लाल्या नव्हे, त्याच्यावर लिहून लिहून बोटं दुखली. हा लाल्या म्हणजे आमचा वस्तीवरचा कुत्रा. चार वर्षांचा, गावठी, रंगानं तांबूस म्हणून लाल्या. कन्नड तालुक्यात गौताळ्याच्या अंगाला ज्यांची जमीन आहे त्यांना कुत्र्याची किंमत सांगायची गरज नाही. रात्री रानडुकरं येतात, बिबट्याच्या भीतीनं वासरं आत बांधावी लागतात. लाल्या भुंकला की मी बॅटरी घेऊन उठतो. तो गप्प राहिला तर सकाळी हरभऱ्यात नांगर फिरवल्यासारखं दिसतं.

डिसेंबरात लाल्या गप्प राहायला लागला. पातळ हगत होता, दोन दिवस बरा, चार दिवस परत तेच. खाणं टाकून द्यायचा आणि बांधावरचं गवत खाऊन ओकायचा. आई म्हणाली, "दूध-भाकर दे, पोटाला थंड पडंल." दूध दिलं. अजून वाढलं. पोरगा संभाजीनगरला कामाला आहे, तो शनिवारी येताना कुत्र्याच्या खाद्याची मोठी बॅग घेऊन आला. भाव ऐकून माझ्या पोटात गोळा आला, सरकी पेंडीचं पोतं स्वस्त. म्हटलं महागाचं आहे म्हणजे चांगलंच असणार. त्याच दिवशी भाकरी बंद केली आणि पाटी भरून ते खाद्य ठेवलं. लाल्यानं मिटक्या मारत खाल्लं आणि रात्रभर गोठ्यामागं चकरा मारल्या. सकाळी तर पाण्यासारखं.

मग गेलो तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टर तरुण पोरगा आहे पण बोलणं मुद्द्याचं. त्यांनी आधी लाल्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या, डोळ्याची पापणी ओढून बघितली, मग मला विचारलं, "काका, मुरघासाचा खड्डा उघडला की पहिल्याच दिवशी गाईला पोटभर घालता का?"

म्हटलं, "नाही साहेब. आठ-दहा दिवस कडब्यात थोडा थोडा मिसळून वाढवतो. नाहीतर गाय बिघडते."

"मग याचं पोट काय लोखंडाचं आहे का?"

मला खरंच लाज वाटली. तीस वर्षं जनावरं सांभाळली. पेंड बदलायची तरी हळूहळू बदलतो, पावसाळ्यात कोवळा हिरवा चारा एकदम सोडत नाही. हे सगळं मला पाठ आहे. पण कुत्र्याच्या बाबतीत ते डोक्यातच आलं नाही, कारण कुत्र्याला आपण जनावरात धरतच नाही. त्याचं खाणं म्हणजे ताटातलं उरलेलं. आज रस्सा, उद्या मटणाची हाडं, परवा नुसती शिळी भाकर. रोजच खाद्य बदलतं आणि वरून आपण म्हणतो याचं पोट नाजूक आहे.

दुधाचंही डॉक्टरांनी सांगितलं. पिल्लू मोठं झालं की बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, ती पोटात आंबते आणि हगवण लागते. दह्यात ती साखर कमी असते, म्हणून थोडं दही चालतं. म्हणजे आईचा उपाय आजार वाढवत होता. आईला हे सांगायची हिंमत मी अजून केलेली नाही.

पण खरी गोष्ट पुढं आहे. डॉक्टरांनी विचारलं, दिवाळीपासून काय खायला घालता? मी म्हटलं, मक्याची भाकर. "मका कसला?" इथं मी अडखळलो. सप्टेंबर २०२५ च्या पावसानं मराठवाड्याचं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. आमचा मका शेतातच भिजला, कणसं काळी पडली, काहींना हिरवट-पिवळी बुरशी. चांगला मका निवडून विकला. राहिलेला खराब दोन पोती होता, तो दळून आणला आणि लाल्याला भाकरी, कोंबड्यांना भरडा. वाया कशाला घालवायचा, असा हिशेब.

या बुरशीच्या विषाला आफ्लाटॉक्सिन म्हणतात. हे विष लिव्हरवर बसतं, आणि कुत्रा त्याला फार लवकर बळी पडतो. भाकर कडक भाजली तरी ते जात नाही. बुरशी मरते, विष राहतं. माझा समज होता की तव्यावर सगळं जळून जातं. चाळून, धुऊन, उन्हात टाकूनही पूर्ण जात नाही.

हे नवीन नाही. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात मका काढणीच्या वेळी पाऊस लागला. गरीब आदिवासी घरांनी तोच बुरशीचा मका खाल्ला. ३९७ माणसं कावीळ आणि पोटात पाणी होऊन आजारी पडली, १०६ मेली. त्या घरांतली कुत्रीही तशीच आजारी पडली होती, कारण कुत्र्याला तीच भाकर. माणसाच्या आणि कुत्र्याच्या ताटात फरक नव्हता.

हे ऐकलं आणि मला आमची चंपी आठवली. लाल्याच्या आधीची कुत्री. असाच एका ओल्या वर्षी मका भिजला होता, हिवाळ्यात तिची अशीच हगवण, मग डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं विंचू चावला. मी लिंबू उतरवून टाकला. दवाखान्यात नेलं नाही. आठ दिवसांत गेली. तिला त्या मक्यानंच मारलं असं छातीठोक सांगता येणार नाही, तपासणी कुणी केली? पण तिच्या पाटीत मीच ती भाकर टाकत होतो, एवढं खरं. लाल्याचे डोळे पिवळे झाले नव्हते, म्हणून वेळेत पोचलो.

आता कुणी म्हणेल, कुत्र्यासाठी एवढं पुराण कशाला. तर बाबांनो, तोच भरडा दुभत्या गाईला घातला की विषाचा काही भाग दुधात उतरतो. ते दूध आपली नातवंडं पितात. कुत्रा आधी आजारी पडतो, एवढाच फरक. मी उरलेला मका खड्ड्यात पुरला. पाच-सहाशे रुपयांचा माल असेल. कोंबड्यांचाही बंद केला. पुढच्या वर्षी मका चौदा टक्क्यांच्या खाली वाळल्याशिवाय पोत्यात भरायचा नाही असं ठरवलंय. पाऊसच तसा असला तर काय करणार, हा प्रश्न उरतोच.

लाल्याचं पुढं काय केलं ते सांगतो. डॉक्टरांनी औषध दिलं आणि वजन करून जंताची गोळी दिली. तीन-चार दिवस नुसता मऊ भात आणि उकडलेलं चिकन, हाड काढून, तेल-तिखट-मीठ काही नाही. भात दोन वाट्या तर चिकन एक. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. शी घट्ट झाल्यावर पोरानं आणलेलं खाद्य सुरू केलं, पण यावेळी मुरघासाच्या हिशेबानं. पहिले तीन दिवस चौथा हिस्सा, मग निम्मं, मग पाऊण, दहाव्या दिवशी पूर्ण. मधे एकदा परत पातळ झाली, तेव्हा दोन दिवस मागच्या मापावर थांबलो.

बॅग संपल्यावर परत तीच आणायची माझी ऐपत नाही, आणि वस्तीवरच्या कुत्र्याला तिची गरज आहे असं मला वाटतही नाही. पण नुसता भात-चिकन कायम चालत नाही, कॅल्शियम कमी पडतं. म्हणून डॉक्टरांना विचारून मधला रस्ता काढला, परत तसाच हळूहळू: चांगल्या ज्वारीची भाकर, अंडं, जमेल तेव्हा चिकन, आणि एका वेळेला थोडं तयार खाद्य. त्यातही स्वस्तातलं घेतलं. पोत्यावर प्रोटीन अठरा टक्क्यांच्या वर आहे का ते वाचून घ्या, चित्रातला कुत्रा बघू नका.

आमटी-भाजी बंद, कारण कांदा-लसणानं कुत्र्याचं रक्त बिघडतं. द्राक्षं-मनुकेही नको, किडनीवर जातात. शिजलेली हाडं तर मुळीच नको, ती तुसासारखी फुटून आतडं फाडतात. बोकड कापल्यावर कच्चं काळीज-फुप्फुस कुत्र्यापुढं टाकायची आपल्याकडं सवय आहे, तीही सोडा. त्यातून कुत्र्याला पट्टकृमी होतात आणि त्यांच्या अंड्यांनी माणसाच्या लिव्हरमधे पाण्याच्या गाठी होतात. आणि घरातल्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, काहीच नाही.

शेजारचे आबा परवा वस्तीवर आले. लाल्यापुढं अंडं बघून म्हणाले, "कुत्र्याला तूप पचत नाही म्हणतात, तू तर अंडी चारतोयस!" म्हटलं, आबा, तुपाचं राहू द्या, ती नुसती म्हण आहे. पण तुमच्या घरी त्या पावसातला मका अजून आहे का? म्हणाले, आहे की, म्हशीला घालतो.

दोघं मिळून त्यांच्या कोठीत गेलो, पोतं सोडलं. वास नाकात बसला. आबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांच्या पोरानं बांधाला खड्डा खणलेला दिसला.

काल रात्री दीडच्या सुमाराला लाल्या भुंकला. उठलो, बॅटरी मारली, पाच डुकरं होती.