तेल पिऊ द्या

पावसाळा सरला की गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या गॅरेजांत एक काम हमखास वाढतं, ते जाम झालेले नट-बोल्ट सोडवण्याचं. खाली केरी, हरमल, मांद्रे, मोरजीचा किनारा, वर मोपाचा जांभ्या दगडाचा सडा, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि बारा महिने अंगाला लागणारी खारी हवा. एवढ्यात लोखंड टिकतं हेच नवल. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. नट आणि बोल्टाच्या आट्यांमधली फट केसाएवढी असते. ती गंजाने ठासून भरली की पाना लावणाऱ्याला दोन तुकड्यांऐवजी एकच सळी हाताला लागते.

मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं, ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. आसपासच्या गावांतल्या कितीतरी तरुणांनी कर्ज काढून टॅक्सी घेतली. गाडी दारात उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही, म्हणून गॅरेजात आलेला माणूस आधी विचारतो, ‘‘किती वेळ लागेल?’’ त्याची घाई मला कळते. पण जाम बोल्टाचं सगळ्यात जास्त नुकसान हीच घाई करते.

आमच्या भागातल्या एका वयस्क मेस्त्रींना मी पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरची निपल सोडवताना पाहिलं. आतून पोकळ असलेला हा इवलासा स्क्रू जरा जास्त जोर लागला की मुळाशी तुटतो, आणि मग अख्खा कॅलिपर काढायची पाळी येते. मेस्त्रींनी आधी तारेच्या ब्रशनं आट्यांभोवतीची माती आणि गंज खरवडला. तेल सोडलं. छोट्या हातोडीनं चहूबाजूंनी हलके ठोके दिले, कारण हादऱ्यानं गंजाला बारीक तडे जातात आणि तडे गेले तरच तेल आत उतरतं. मग पाना बाजूला ठेवून ते दुसऱ्या गाडीखाली गेले. गाडीचा मालक चुळबुळ करू लागला तेव्हा खालूनच म्हणाले, ‘‘बाबा, त्याला तेल पिऊ दे.’’

परत आल्यावर त्यांनी उघड्या तोंडाचा पाना न घेता रिंग पाना घेतला. उघडा पाना दोनच बाजू पकडतो, कोपरे झिजतात, आणि एकदा डोकं गोल झालं की सोपं कामही अवघड होऊन बसतं. पहिला जोर त्यांनी आवळण्याच्या दिशेनं दिला, अगदी किंचित. मग उलटा. बारीक ‘कट्ट’ असा आवाज आला आणि त्यांचा चेहरा सैलावला. गंज सुटल्याचा तो आवाज. तो न येता पाना नुसताच मऊ लागू लागला, ओल्या वेताच्या काठीसारखा लवू लागला, तर समजायचं की बोल्ट सुटत नाही, पिळला जातोय. हात तिथेच थांबला पाहिजे. पुढे त्यांनी अर्धा वळसा सोडला, पाव वळसा परत आवळला, पुन्हा तेल दिलं, आणि निपल सगळ्या आट्यांसकट बाहेर आली.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण हाताला येणारा तो मऊपणा ओळखायला वर्षं जातात, आणि हवेच्या गननं नट उडवणाऱ्या पोरांना तो ओळखायची संधीच मिळत नाही. गन वाईट नाही, पण हातात काय घडतंय ते ती कळू देत नाही. चाकांच्या बाबतीत तर तिचा अतिरेक सर्रास चालतो. साध्या मोटारीच्या चाकाचा नट १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो. सत्तर किलोचा माणूस पस्तीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला तरी तो जोर २४० वर जातो. गन याच्याही पुढे नेऊ शकते. मग भर पावसात रस्त्याकडेला चाक पंक्चर झालं की बिचाऱ्या चालकाला नट हलता हलत नाही, आणि दोष मात्र गंजावर जातो.

खाणींच्या डिचोली तालुक्यातली गंजाची गोष्ट याहून मोठी. २०१२ साली खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ८८ खाणपट्टे रद्द होऊन त्याच वर्षी मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. खनिज वाहणारे टिप्पर अंगणात, माळावर, रस्त्याकडेला पावसाळ्यामागून पावसाळे उभे राहिले. लाल मातीचा थर, त्यावर पाणी आणि न फिरणारी चाकं. अशा ट्रकाचे जाम नट काढायला कित्येकदा तेल पुरत नाही, गॅसची ज्योत लावावी लागते. नट तापून फुगतो, बोल्ट आत थंड असतो, आणि त्या फरकानं गंजाची पकड सुटते. ज्योत मात्र डिझेलच्या टाकीजवळ, ब्रेकच्या नळीजवळ, रबराजवळ कधीच न्यायची नाही, आणि लालबुंद तापवलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नाही, कारण त्याची ताकद गेलेली असते. काही जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. ते न पाहता जोर लावणारा नट सोडवत नसतो, आणखी आवळत असतो.

डब्ल्यूडी-४० चा डबा हल्ली प्रत्येक डिकीत दिसतो. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगो इथं तो तयार झाला आणि अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला ओल लागू नये म्हणून वापरला गेला. पाणी हटवणं हे त्याचं मूळ काम. फार जाम झालेल्या बोल्टाला आट्यांत शिरणारं खास तेल घ्यावं आणि रात्रभर मुरू द्यावं.

मला राग येतो तो बिलाच्या भांडणाचा. तुटलेला स्टड ड्रिल करून काढला की मालक मुकाट्यानं पैसे देतो. तोच बोल्ट मेस्त्रींनी सकाळपर्यंत थांबून अख्खा काढला तर ‘पाच मिनिटांचं तर काम’ म्हणून घासाघीस करतो. ती रात्र, त्या रात्री अडलेली गॅरेजातली जागा, आणि न तुटलेला बोल्ट यांचे पैसे मेस्त्रींना मिळायला हवेत. गाडी आदल्या संध्याकाळी सोडा आणि कुठला बोल्ट खोलायचा ते सांगून ठेवा.

जोडतानाही तेवढाच वेळ द्या. सायलेन्सर आणि सस्पेन्शनचे बोल्ट परत बसवण्याआधी आटे ब्रशनं साफ करून घ्या. सायलेन्सरच्या बोल्टांना उष्णता सोसणारं तांब्याचं ग्रीस बोटभर लावायला सांगा. चाकांचे नट मात्र, कंपनीच्या पुस्तकात वेगळं लिहिलं नसेल तर, स्वच्छ आणि कोरडेच बसवा. तिथं ग्रीस लागलं की तेवढ्याच जोरात नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.