फवारणी पंपाचा वेग : मोजून ठरवा

केज तालुक्यात कापूस, तूर व सोयाबीन या पिकांवर फवारणीसाठी बॅटरीवर चालणारा पाठीवरील पंप आता सर्रास दिसतो. दांडा मारण्याचे कष्ट त्याने वाचविले, हे खरे. परंतु वेगाचे बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवण्याची जी रीत पडत आहे, ती मोडणे अगत्याचे आहे.

वेग वाढविला म्हणजे दाब वाढतो व थेंब बारीक होतात. बारीक थेंब पानावर न बसता वाऱ्याबरोबर वाहतात व फवारणाऱ्याच्या नाकातोंडात जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. तथापि उंच कपाशीत अंगावर येणारा फवारा किती घातक असतो, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

दुसरा प्रश्न मात्रेचा. मध्यम वेगावर गुंठ्यास ४ लिटर पाणी लागले, तर एकरी १६० लिटर, म्हणजे १६ लिटरच्या १० टाक्या होतात. वेग वाढवून तेच पाणी ६ लिटर झाले, तर टाक्या १५ होतात. टाकीमागे औषधाचे झाकण तेच राहिले, तर औषध व खर्च दोन्ही दीडपट होतात. तणनाशकाची अशी चूक पिकालाच भोवते.

उपाय सोपा आहे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा एक गुंठा आखावा. टाकीत साधे पाणी मोजून घ्यावे, नेहमीच्या चालीने फवारावे व उरलेले पाणी मोजावे. खर्ची पडलेल्या लिटरांस ४० ने गुणावे, म्हणजे एकरी पाणी कळते. औषधाच्या लेबलावरील एकरी मात्रा तेवढ्या टाक्यांत विभागावी व बटणापाशी रंगाची खूण करावी. नोझल बदलल्यास किंवा पीक वाढल्यास पुन्हा मोजावे. तणनाशकासाठी चपट्या फवाऱ्याचे नोझल व कमी दाब ठेवावा.

जेथे मजुरी टाकीमागे ठरते, तेथे टाकी लवकर रिती करण्याकडे कल राहणे साहजिक आहे. त्याचा दोष मजुरास देऊ नये. क्षेत्र व टाक्या दोन्ही आधी बोलून मजुरी ठरवावी.

“कोणते औषध मारू?” असे शेतकऱ्याने विचारले असता, ग्रामकार्यकर्त्याने प्रथम “पंप मोजला काय?” असे विचारावे. अर्ध्या तासाच्या या मोजणीत औषध वाचते, आणि प्रसंगी माणूसही.