कायदा आकाश मोजतो, आटे मोजत नाही

मुंबईच्या विमान-इतिहासाचा विषय निघाला की समाजमाध्यमांवरील वाद १८९५ च्या चौपाटीवर जाऊन रुततो. शिवकर बापूजी तळपदे यांचे विमान पंधराशे फूट उंच गेले, असे एक बाजू सांगते. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. शिवाय ज्या वैमानिकशास्त्राचा आधार दिला जातो, त्यातील आराखडे उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला आहे. तो वाद येथे पुन्हा लढवायचा नाही. तक्रार वेगळी आहे. यंत्र वर गेले की नाही, एवढ्यापुरताच दोन्ही पक्षांना इतिहास हवा असतो. वर गेलेले यंत्र एकसंध कशाने राहते, हे कोणीच विचारत नाही.

हा प्रश्न आता घरगुती झाला आहे. रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर आज अंधेरी-बोरिवलीतल्या सदनिकेत जेवणाच्या टेबलावर जोडता येते. मोठ्या मॉडेलच्या मुख्य पंख्याचा व्यास दीड मीटरच्या आसपास असतो आणि तो मिनिटाला सुमारे २,००० फेरे घेतो. म्हणजे पात्याचे टोक ताशी साडेपाचशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. पाते जेमतेम २०० ग्रॅमचे, पण त्या वेगात ते केंद्रापासून बाहेर सुमारे साडेतीनशे किलोच्या जोराने ओढत असते. त्याला धरून ठेवतो पाच मिलिमीटर जाडीचा एक बोल्ट आणि आतल्या दांड्याच्या टोकाचा एक स्क्रू. मुख्य दांड्यावर पंख्याचे डोके धरणाऱ्या एकुलत्या एका बोल्टला जगभरचे छांदिष्ट ‘जीझस बोल्ट’ म्हणतात; तो निघाला तर देवाचे नाव घेण्यापलीकडे काही उरत नाही, म्हणून.

‘खेळणेच तर आहे’ असे म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील सप्टेंबर २०१३ ची घटना आठवावी. एका उद्यानात स्वतःचे मॉडेल उडवताना त्याचे पाते लागून एकोणीस वर्षांचा तरुण जागीच मरण पावला. हा दाखला सैल स्क्रूचा म्हणून नव्हे, पात्याच्या ताकदीचा म्हणून.

कायद्याकडे पाहावे तर तो भलतीच गोष्ट मोजतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनी विमानतळाच्या सीमेपासून १२ किलोमीटरपर्यंत अंतरानुसार निर्बंध आखले. मुंबई पोलीस रिमोटवर चालणाऱ्या हलक्या विमानांवर मनाईचे आदेश वेळोवेळी काढतात. सांताक्रूझ आणि जुहू असे दोन विमानतळ शेजारी असताना यात गैर काही नाही. परंतु त्याच नियमांनी २५ किलोपर्यंतच्या छंदाच्या मॉडेलला प्रकार-प्रमाणपत्रातून सूट दिली आहे. कुठे उडवायचे नाही, हे सरकार सांगते. यंत्र उडण्याजोगे आहे की नाही, हे तपासणारा मात्र मालकावाचून कोणी नाही. अशा वेळी ‘सरसकट बंदी घाला’ ही मागणी सोपी वाटते, पण बंदीने मॉडेल केवळ शहराबाहेरच्या माळावर जाते आणि सैल स्क्रू त्याच्याबरोबर जातो.

कंपनाने जोड सुटतात, हे ज्ञान उपनगरांना नवे नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या भूमीतूनच गेली. रूळ चाव्या ठोकून धरले जात, त्या काळापासून रेल्वेत ‘कीमॅन’ हे पद आहे. आता चावीच्या जागी पोलादी क्लिप आली, तरी हातोडा, पाना आणि बावटे घेऊन आपल्या टप्प्यावर रोज पायी फिरणारा हा माणूस टिकून आहे. एकदा घट्ट केलेले घट्टच राहील, असे रेल्वेने कधी गृहीत धरले नाही. आपल्या इतिहासलेखनात पहिल्या गाडीच्या डब्यांची आणि निमंत्रितांची संख्या असते. कीमॅन क्वचितच भेटतो.

बोल्ट सुटतो कसा, याची नेमकी मांडणी मात्र फार उशिरा झाली. १९६९ मध्ये गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवले की, जोडलेले भाग आडवे सरकू लागले की आट्यांमधील घर्षणाची पकड हरवते आणि बोल्ट स्वतःच उलटा फिरू लागतो. त्याच कसोटीवर स्प्रिंग वॉशर फारसा उपयोगाचा नाही, हेही दिसून आले. तरीही ‘स्प्रिंग वॉशर टाकला आहे, आता काळजी नाही’ हे वाक्य गॅरेजात अजून ऐकू येते.

त्याआधी, १९५३ मध्ये, अमेरिकेतील हार्टफर्डच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी लॉकटाइट हा द्रव सिद्ध केला. हवा असेतो तो पातळ राहतो. धातूच्या आट्यांत हवा संपली की घट्ट होतो. म्हणूनच थ्रेडलॉकची बाटली कधी काठोकाठ भरलेली नसते. ग्राहक त्याला फसवणूक समजतो, पण ती रिकामी जागा नसेल तर औषध बाटलीतच गोठेल.

हा एक थेंब टाकण्यातही आळस नडतो. स्क्रूवर तेल असेल तर तो धरत नाही. आधी अल्कोहोलने पुसावे लागते. तो धातूत बसणाऱ्या धातूसाठी आहे, प्लॅस्टिकला त्याने तडा जाऊ शकतो. जास्त ओतला तर शेजारच्या बेअरिंगमध्ये उतरून तेच जाम करतो. पूर्ण घट्ट व्हायला एक दिवस लागतो, आणि रविवारची सकाळ ज्याला वाया घालवायची नाही तो नेमका हाच दिवस कापतो. नायलॉनची कडी असलेला नट पुन्हापुन्हा वापरला की त्याची पकड जाते. पण दोन रुपयांचा नट बदलणे लाखभराचे यंत्र घेणाऱ्यालाही जड जाते. सर्वांत वाईट समजूत म्हणजे ‘कंपनीने बसवून दिले आहे’. डब्यातून जुळवून आलेले डोके खोलून, पुसून, प्रत्येक धातूचा स्क्रू पुन्हा लॉक करून, त्यावर रंगाची बारीक रेघ ओढावी, ही जाणत्यांची जुनी रीत आहे. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला.

लॉक म्हणजे अमरपट्टाही नव्हे. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी इंग्लंडमधील लेस्टर येथे खरे हेलिकॉप्टर कोसळून पाच जण गेले. शेपटीच्या पंख्याच्या यंत्रणेतील नटाला स्प्लिट पिन होती. पण बेअरिंग जाम झाल्याने नियंत्रणाचा दांडा फिरू लागला, पिन तुटली आणि नट निघून आला. नटाबरोबर बेअरिंगही हाताने फिरवून पाहायचे असते ते यासाठी.

जुहूच्या धावपट्टीवर जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन उतरले, हे शाळेत शिकवले जाते. प्रवासी विमानाच्या नियंत्रण-जोडणीला हात लागला की ती दोन वेगवेगळ्या अधिकृत व्यक्तींनी तपासावी, हा विमानविद्येतील दंडक मात्र शिकवला जात नाही. तो छंदातही उचलण्यासारखा आहे: एकाने आवळावे, दुसऱ्याने पाहावे.

२८ जून २०१८ रोजी घाटकोपरच्या वस्तीत एक छोटे विमान पडले. त्यात पाच जण गेले. चार विमानातले आणि एक पादचारी. त्याची कारणे वेगळी. पण उपनगराच्या आकाशातून जे सुटते ते कुणाच्या तरी वाटेवर पडते. तेव्हा मॉडेल विकणाऱ्या दुकानदाराने खोक्याबरोबर थ्रेडलॉकची बाटली आणि तपासणीचा एक मराठी कागद द्यावा, आणि मैदानावर जमणाऱ्या मंडळींनी दुसऱ्याने तपासल्याशिवाय कोणाचेही यंत्र सुरू होऊ देऊ नये. यासाठी सरकारी अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही.